रामलालची वही

आईचा उजवा हात मोडला ती तारीख माझ्या सिनेमाच्या वहीत आहे. १२ जानेवारी २०२५, रविवार. पुढे पायल कपाडियाच्या 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट'चं नाव, आणि खाली घाईघाईत खरडलेलं : 'अर्ध्याहून जास्त राहिलाय. आई पडली. एक्स-रे.'

पडली न्हाणीघरात. दणका ऐकू आला तेव्हा आमच्या बत्तीस इंची टीव्हीवर प्रभा नावाची एक मल्याळी नर्स रात्री एकटीच जमिनीवर बसून राईस कुकरला मिठी मारत होती. नवरा लग्नानंतर जर्मनीला निघून गेलेला. हळूहळू फोनही थांबलेत. आणि एक दिवस पार्सल येतं, पाठवणाऱ्याचं नाव नाही, आत लालभडक नवाकोरा कुकर. ती तो दोन्ही पायांच्या मध्ये घेते आणि कवटाळते. मी पॉजचं बटण दाबून धावलो. दवाखान्यातून चार तासांनी परत आलो तर प्रभा अजून कुकरला मिठी मारून बसलेली.

मनगटाचं हाड. डॉक्टरांनी ते ओढून जागेवर बसवलं तेव्हा आईच्या डाव्या हाताला सलाईन होतं आणि उजवा त्यांच्या हातात. डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि पुसायला हातच मोकळा नव्हता. मीच खिशातल्या रुमालानं पुसलं. त्यावर आम्ही दोघंही काही बोललो नाही. आमच्या घरात तशी पद्धत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सोफ्यावर बसली, प्लास्टरवरून शाल ओढून, दोन्ही खांदे झाकलेले. मी चहाचा कप तिच्या तोंडाशी नेला. एक घोट घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "साखर कमी आहे, रामलाल."

झालं. पुढचे सहा आठवडे मी रामलाल. 'शोले'तला ठाकूरचा गडी. सत्येन कप्पूनं केलेली ती भूमिका कुणाला आठवते? गब्बर आठवतो, सांभा आठवतो, सुरमा भोपाली आठवतो, जेमतेम दोन वाक्यं असलेला कालियासुद्धा आठवतो. रामलाल सिनेमाभर इकडून तिकडे जात असतो आणि कुणाच्या लक्षात राहत नाही. आईच्या राहिला होता.

वहीबद्दल सांगायला हवं. सवय मूळची बाबांची. ते तिकिटांचे अर्धुके चिकटवायचे आणि शेजारी 'बरा', 'भिकार', 'मध्यंतरानंतर झोपलो' असे शेरे मारायचे. मी त्यात रकाने पाडले. तारीख, सिनेमा, कुठे पाहिला. आणि चौथा रकाना : 'काय उरलं'. हा त्याच दिवशी भरायचा नाही. आठ दिवस जाऊ द्यायचे आणि मग जे डोळ्यांपुढे येईल ते एका ओळीत लिहायचं. गोष्ट लिहायची नाही, मत लिहायचं नाही. बऱ्याच सिनेमांपुढे हा रकाना कोराच राहतो, आणि तेही एक परीक्षणच आहे.

दर डिसेंबरात मी मित्रांना वर्षातले आवडते सिनेमे कळवतो. तिघंचौघं आहेत, भांडायला तयारच बसलेले असतात. यंदा यादी करायला वही उघडली. ८६ सिनेमे. चौथा रकाना वरून खाली वाचत गेलो आणि जरा चमकलो. 'कुकरला मिठी.' 'काटे काढून सोललेलं फळ.' 'सासूचे खांदे चेपणारी सून.' 'आरसा धरून कमोडची खालची कड बघतो.' पानांमागून पानं हेच. कुणाचे तरी हात काहीतरी करताहेत. एकही संवाद नाही, एकही शेवट नाही. मी काय एवढा हात-हात करणारा माणूस नव्हतो. आदल्या वर्षीची पानं काढून पाहिली. तिथे चेहरे होते, गाणी होती, पाऊस होता.

तर हे रामलालपण अंगात भिनलं असणार.

प्लास्टरच्या दिवसांत काय काय करावं लागलं त्याची यादी देत नाही. पण एकोणपन्नासाव्या वर्षी मी कणीक मळायला शिकलो. आई स्टुलावर बसून सूचना देणार, "पाणी एकदम ओतू नको. कानाच्या पाळीसारखी मऊ झाली पाहिजे." मी पिठाळलेल्या हातानं स्वतःची पाळी चाचपून बघणार. तिची वेणी घालायलाही शिकलो. पहिल्या आठवड्यात ती आरशात बघून म्हणायची, "सुतळी वळलीयस." तिचं माहेर कुडाळजवळचं, पन्नास वर्षं पुण्यात काढूनही राग आला की मालवणी वर येते. एकदा मी डाळीच्या फोडणीत मोहरी तडतडायच्या आधीच जिरं, हिंग सगळं टाकलं आणि वर कुरकुरलो की हात दुखताहेत. "हात माझो मोडलो, तुझो नाय," म्हणाली.

पायलचा सिनेमा आम्ही आठवड्यानं पुढे पाहिला, दोघांनी मिळून. आईला प्रभापेक्षा पार्वती आवडली. छाया कदम. इस्पितळात स्वयंपाकी असलेली ही कोकणातली बाई चाळीतल्या खोलीत वर्षानुवर्षं राहते आहे, पण खोली आपली असल्याचा एक कागद तिच्याकडे नाही. बिल्डर उठवतो. मग एका रात्री ती आणि प्रभा त्या टॉवरच्या होर्डिंगवर दगड मारतात. आई टीव्हीसमोर डावा हात उगारून म्हणाली, "मार अजून एक." या सिनेमाला २०२४ साली फ्रान्समधल्या कान महोत्सवात ग्रां प्री मिळालं, स्पर्धा विभागात तीस वर्षांनी भारतीय सिनेमा पोचला होता, वगैरे मी तिला सांगत होतो. ती म्हणाली, "पार्वती रत्नागिरीला परत गेली हे बरं केलं. पण तिथे तरी घराचा कागद आहे का?"

त्या दिवसांत थिएटरला जाणं बंदच होतं. पिफ, म्हणजे पुण्याचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, यंदा फेब्रुवारीत होता, नोंदणी केलेली, पण गळ्यात पास अडकवून दिवसाला चार सिनेमे हे प्रकरण जमण्यातलं नव्हतं. दोन पाहिले, दोन्हींचा चौथा रकाना कोरा आहे. माझं लक्ष घड्याळाकडे होतं, त्यात दिग्दर्शकांची काय चूक.

घरी मात्र जुनं पाहणं झालं. 'संत तुकाराम' मी याआधी तीनदा पाहिला असेन. १९३६चा, प्रभातचा, दामले आणि फत्तेलाल यांचा. आपल्याकडे त्याच्याविषयी बोलायचं म्हणजे व्हेनिसपासून सुरुवात करायची रीत आहे. १९३७ साली तिथल्या महोत्सवात तो नावाजला गेला, हे आपण शाळेपासून ऐकतो. दुसरी गोष्ट सांगायची ती 'आधी बीज एकले'ची. हा अभंग तुकोबांचा नाही, शांताराम आठवल्यांनी सिनेमासाठी लिहिला, आणि तो इतका सच्चा उतरला की भले भले फसले. हे सगळं खरंच आहे. पण ज्याच्या घरात दुखणेकरी आहे त्याला या वेळी तो सिनेमा जिजाईचा दिसतो.

विष्णुपंत पागनीस डोळे मिटून देवाच्या नावात बुडालेले. आणि ही बाई? पोरं, म्हैस, चूल, रिकामे डबे, आणि वर गावभर धान्य वाटून येणारा नवरा. पोरगं तापानं फणफणलेलं असताना ती सरळ देवळात शिरते आणि पायातली वहाण हातात घेऊन विठ्ठलावर धावते. मराठी सिनेमात देवावर चप्पल उगारलेला हा प्रसंग, तोही १९३६ साली, आणि पाहणाऱ्यांच्या भक्तीला त्यानं जरासाही धक्का लागला नाही. उलट सिनेमा मुंबईत वर्षाहून अधिक चालला. मला वाटतं, थिएटरात बसलेल्या बायकांना ती वहाण कुणाच्या हातात आहे ते बरोबर कळलं असणार. जिजाई करणारी गौरी ही नावाजलेली नटी नव्हती, प्रभातमध्येच साधी कामं करणारी बाई होती. तिच्या अंगाला ते काम माहीत होतं, हे तिच्या प्रत्येक हालचालीत दिसतं. शेवटी तुकोबा तिला वैकुंठाला चल म्हणतात आणि ती जात नाही. हिचा संसार इथं पडलाय.

"ही बाई खरी," आई म्हणाली. "तो पण चांगला आहे. पण ही खरी."

चौथ्या रकान्यात : 'वहाण.'

प्लास्टर फेब्रुवारीअखेर निघालं. आतून जो हात बाहेर आला तो बघून दोघंही गप्प झालो. बारीक, सालपटं निघालेला, बोटं लाकडासारखी. फिजिओथेरपिस्टनं पिवळा स्पंजचा चेंडू दिला, दिवसातून पाच वेळा दाबायचा. आई रेडिओ ऐकत दाबायची, वैतागली की माझ्यावर फेकायची. तेवढीच व्यायामात भर.

मार्चमध्ये पहिल्यांदा थिएटरात गेलो, 'स्थळ' बघायला. सकाळी अकराचा शो. तिकीट खिडकीवरचा मुलगा म्हणाला, "सर, तिघंच झालात. चार तरी पाहिजेत, नाहीतर शो कॅन्सल होतो." मी, आणि सत्तरीतलं एक जोडपं. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मग मी स्वतःच चौथं तिकीट काढलं आणि त्या खुर्चीवर हेल्मेट ठेवलं. जयंत सोमलकरच्या या सिनेमाला टोरांटो महोत्सवात आशियाई सिनेमासाठीचा नेटपॅक पुरस्कार मिळालाय आणि पुण्यात तो हेल्मेटच्या जिवावर चालला, हे मी मित्रांना निदान वीस वेळा सांगितलंय.

चंद्रपूर जिल्ह्यातलं डोंगरगाव, दिग्दर्शकाचं स्वतःचं गाव. नट म्हणून तिथलीच माणसं. सविता शिकतेय, तिला अजून शिकायचंय, बाप कापसाला भाव नाही म्हणून कातावलेला, आणि तिच्यासाठी स्थळं येताहेत. सुरुवातच अशी की आपण गार होतो. बायका रांगेत बसल्यात आणि मधोमध बसलेल्या मुलाला नाव, उंची, आवड विचारताहेत. ते स्वप्न आहे, हे कळायला थोडा वेळ लागतो. मग जाग येते आणि तेच सगळं उलट्या बाजूनं. तेच प्रश्न, तोच क्रम, तीच खोली. दुसऱ्यांदा हसू येतं, तिसऱ्यांदा येत नाही. सोमलकर पुनरुक्तीला घाबरत नाही, ही त्याची ताकद. तिथे दुसऱ्या कुणी 'दोन महिन्यांनंतर' अशी पाटी टाकून सुटका करून घेतली असती. चौथ्या खेपेला पोह्यांचा ट्रे घेऊन येणारे हात बघताना मला माझ्या बहिणीचे हात दिसले. मागून पाण्याचे पेले घेऊन जाणारा भाऊ म्हणून मीही त्या खोलीत होतोच. हेल्मेट धरून किती वेळ बसलो होतो कोण जाणे.

घरी आल्यावर आईला सांगितलं. ती चेंडू दाबत म्हणाली, "अकरा वेळा केले होते पोहे तिच्यासाठी. दोघांनी तर निम्मे बशीत टाकले." तीस वर्षांपूर्वीचे पोहे. हिशेब अगदी चोख.

मधले काही सिनेमे पटकन सांगतो. 'छावा' सगळ्यांनी पाहिला तसा मीही पाहिला. थिएटर भरलेलं, लोक उभं राहून घोषणा देत होते, विकी कौशलनं जीव ओतलाय, पण माझे कान दोन दिवस वाजत होते. 'सामना'ला पन्नास वर्षं झाली म्हणून पुन्हा पाहिला, त्याच्यापुढे चौथ्या रकान्यात फक्त 'मारुती कांबळे' असं लिहिलंय, आणखी काय लिहिणार.

मे महिन्यात वीज गेलेल्या एका संध्याकाळी लॅपटॉपवर जपानी दिग्दर्शक ओझूचा 'टोकियो स्टोरी' लावला. बॅटरी पुरेल की नाही अशी धाकधूक. सबटायटल्स आईला पुरत नाहीत, म्हणून मी मोठ्यानं मराठीत सांगत होतो. १९५३चा सिनेमा. ओनोमिचीचं म्हातारं जोडपं मुलांना भेटायला टोकियोला येतं. मुलगा डॉक्टर, मुलीचं ब्यूटी पार्लर, दोघांनाही वेळ नाही. म्हाताऱ्यांना अतामीच्या समुद्राकाठी एका हॉटेलात पाठवून देतात, तिथे रात्रभर तरुणांचा गोंगाट. युद्धात गेलेल्या मुलाची विधवा नोरिको तेवढी एक दिवस रजा काढून त्यांना शहर दाखवते. परत गेल्यावर आई जाते. बस, एवढंच.

उन्हाळ्यातली गोष्ट आहे आणि सगळे सतत पंख्यानं वारा घेत असतात. आमच्याकडेही वीज नव्हती, आई मासिकानं वारा घेत होती आणि काही वेळानं तिचा वेग पडद्यावरच्या बायकांशी जुळला. डाव्या हातानं घेत होती. त्यात नोरिको सासूचे खांदे चेपून देते तो प्रसंग. घाई नाही, मायेचं प्रदर्शन नाही, काम म्हणून चाललंय. खोली इवलीशी, सामान मोजकं, आणि कॅमेरा इतका खाली की आपणही जमिनीवर मांडी घालून बसलोय असं वाटावं.

मला या सिनेमात आजवर मुलीचा राग यायचा. आई जाताच साड्या वाटून घ्याव्यात तशी ती आईचे किमोनो मागते. येताना सुतकाचा पोशाख बरोबर घेऊन आलेली. मी तिला शिव्या देत भाषांतर करत होतो. आईनं मला थांबवलं. "तिचं दुकान आहे रे. गिऱ्हाईक सोडून किती दिवस बसणार? आणि कपडे आणले तर काय झालं, तार आली तेव्हाच तिला कळलं होतं." मी म्हटलं, मग सून? "सून चांगलीच आहे. पण ती कुणाच्या घरची भाकरी भाजत नाहीये, एकटी राहते. चांगलं वागायला तिला सवड आहे." ओझूवर जाडजूड पुस्तकं निघाली आहेत. मी त्यांतली दोन वाचली आहेत. हे वाक्य त्यांत नव्हतं. 'बागबान' बघून आपल्याकडे मुलांना सरसकट कोर्टात उभं करायची सवय लागली. ओझूच्या घरात आरोपीच सापडत नाही, त्यामुळे बघणाऱ्याची फार पंचाईत होते.

बाप झालेला चिशू ऱ्यू तेव्हा जेमतेम एकोणपन्नासचा होता, सत्तरीचा म्हातारा करत होता. म्हणजे माझ्याच वयाचा. हे मी आईला सांगितल्यावर तिनं मला निरखून पाहिलं आणि म्हणाली, "तुला मेकअपही फार लागणार नाही."

जर्मन दिग्दर्शक विम वेंडर्सचा 'परफेक्ट डेज' माझ्या मित्रांचा लाडका. टोकियोतली सार्वजनिक स्वच्छतागृहं साफ करणारा हिरायामा. कोजी याकुशोला त्यासाठी कानमध्ये सर्वोत्कृष्ट नटाचा पुरस्कार मिळाला आणि तो योग्यच होता. पहाटे रस्ता झाडण्याच्या आवाजानं उठतो, अंथरूण घडी करून ठेवतो, रोपांवर पाणी फवारतो, मशीनमधून कॉफीचा डबा घेतो, गाडीत जुनी कॅसेट लावतो. आणि काम असं करतो की छोटा आरसा धरून कमोडच्या कडेच्या खालची बाजूही बघतो. सहकारी विचारतो, एवढं कशाला, परत घाणच होणार आहे. मला हा सिनेमा फार आवडला. मग आठ दिवसांनी वही उघडली तेव्हा थोडा राग आला.

कारण जानेवारीपासून न्हाणीघर मी घासतोय. आठवड्यातून दोनदा, आईचा पाय पुन्हा सरकू नये म्हणून, खराट्यानं, गुडघ्यांवर बसून. आणि वेंडर्सच्या सिनेमात घाण कुठे दिसतच नाही. ती स्वच्छतागृहं ताडाओ आंदो, शिगेरू बान अशा नामवंत वास्तुरचनाकारांनी उभारलेली. एक तर काचेचं, आतून कडी लावली की अपारदर्शक होणारं. हिरायामानं हे आयुष्य निवडलंय, अधूनमधून सुचवलं जातं की तो चांगल्या घरातला आहे. निवडलेलं काम सुंदर दिसायला वेळ लागत नाही.

त्याच सुमारास 'आता थांबायचं नाय!' पाहिला म्हणून हे जास्त खुपलं असेल. शिवराज वायचळचा पहिला सिनेमा, १ मेला आला. मुंबई महापालिकेतले चौथ्या श्रेणीतले कामगार, वाढत्या वयात रात्रशाळेच्या बाकावर बसून दहावीला बसतात. खऱ्या घटनेवर बेतलेला. भरत जाधव, सिद्धार्थ जाधव. कलाकृती म्हणून वेंडर्सशी तुलना करायची गरज नाही, पार्श्वसंगीत तर हुंदका कधी द्यायचा ते आधीच सांगतं. तरी मी रडलो. रस्त्यावर राबलेली बोटं पेन धरताना कशी आखडतात ते मला रोज घरी दिसत होतं. आई जूनमध्ये सही गिरवत होती. बँकेत सही जुळत नाही म्हणाले होते. वहीच्या मागच्या पानांवर तिच्या सह्या आहेत, एका खाली एक, तिसावीच्या आसपास नाव ओळखू यायला लागतं.

सप्टेंबरात आई पहिल्यांदा माझ्याबरोबर थिएटरात आली. 'दशावतार'साठी. दिलीप प्रभावळकर आणि दशावतार म्हटल्यावर तिला घरी बसवणं शक्य नव्हतं. प्रभावळकर तिच्यासाठी चिमणरावच, मधे गांधीजी झाले, 'चौकट राजा' झाले, तात्या विंचू झाले, त्याचं तिला काही नाही. ८१ वर्षांचा हा माणूस बाबुली मेस्त्री नावाचा दशावतारी नट झालाय. दृष्टी अधू होत चाललेली, मुलगा आता पुरे म्हणतोय, आणि याला रंगमंच सुटत नाही.

आईनं लहानपणी जत्रेतले दहीकाले पाहिलेत. मध्यरात्री सुरू होऊन उजाडेपर्यंत. पेटीतून आपलं सामान काढून नट आपला आपण रंगायचा, पेट्रोमॅक्सच्या उजेडात छोटा आरसा धरून. लेखी नाटक नाही, कथा ठरलेली, बोलणं ज्याचं त्याचं. बायकांच्या भूमिका पुरुषच करायचे आणि दिवसा तोच माणूस कुणाच्या तरी शेतात दिसायचा. सिनेमात बाबुली रंगायला बसतो तेव्हा ती माझ्या दंडाला धरून पुढे झुकली. नजर अधू झालेल्या माणसाची बोटं चेहऱ्यावर न चुकता फिरत होती.

मध्यंतरानंतर सिनेमा सूडाकडे वळतो, खाणवाले, खलनायक, एकेकाचा हिशेब. बाहेर पडताना मी म्हटलं की पूर्वार्ध चांगला होता, नंतर फॉर्म्युला झाला. आई वैतागली. "दशावतारात शेवटी वध नाही तर काय असतं? राक्षस मारल्याशिवाय दहीहंडी फुटते का?" यावर मला अजून उत्तर सापडलेलं नाही. तरी माझं मत मी बदललेलं नाही, हेही नोंदवतो.

पुढच्याच आठवड्यात 'साबर बोंडं' आला. हा मी एकट्यानं पाहिला. रोहन परशुराम कानवडे, पहिलाच मोठा सिनेमा, आणि अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक चित्रपटांच्या विभागातलं ग्रँड ज्युरी पारितोषिक. मुंबईत कॉल सेंटरला काम करणारा आनंद वडील गेल्यावर दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी येतो. नातेवाईक सुतकाचे नियम सांगताहेत आणि त्याच दमात लग्नाचं विचारताहेत. आईला त्याचं ठाऊक आहे की त्याला मुली नको आहेत. आणि तिथे लहानपणचा मित्र बाळ्या, शेळ्या राखणारा.

पार्श्वसंगीत नाही. कॅमेरा एका जागी थांबतो आणि माणसांना त्यांचा वेळ घेऊ देतो. आधी दहा मिनिटं मी चुळबुळत होतो, मग माझाही वेग त्यांच्याएवढा झाला. बाळ्या आनंदसाठी साबर बोंडं आणतो. निवडुंगाची ती लालजर्द फळं, अंगभर बारीक काटे, डोळ्यांना दिसत नाहीत पण बोटात शिरले की दोन दिवस सलतात. त्यानं ती काटे काढून, सोलून दिलेली. दोन पुरुषांमधलं प्रेम दाखवायला आपल्या सिनेमाला आजवर किती शब्द, किती पाऊस, किती भाषणं लागायची. इथे एक सोललेलं फळ पुढे केलं जातं. या वर्षातला माझा पहिला क्रमांक कुणाचा म्हणाल तर याचाच, आणि त्यावर मित्रांशी वाद घालायला मी तयार आहे.

घरी येऊन आईला गोष्ट सांगितली. सगळी सांगितली, काही न गाळता. ती मेथी निवडत होती. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "त्याची आई बरोबर होती ना त्याच्या? मग झालं." आणि जुडी माझ्याकडे सरकवली.

डिसेंबरच्या १२ तारखेला 'शोले' परत लागला. पन्नास वर्षं झाल्याचं निमित्त, नव्यानं साफसूफ केलेली प्रिंट आणि मुख्य म्हणजे मूळचा शेवट. १९७५ साली आणीबाणी होती. माजी पोलीस अधिकाऱ्यानं कायदा हातात घेऊन माणूस मारलेला सेन्सॉरला चालेना, म्हणून ऐनवेळी पोलीस आणून गब्बरला त्यांच्या ताब्यात दिलं. तो बदललेला शेवट आपण अर्धं शतक पाहत आलो. कायदा हातात घेतला, असं आपण म्हणतो. ठाकूरच्या बाबतीत ते म्हणायचं तरी कसं?

रविवारी दुपारचा शो. आईनं शाल घेतली होती, थिएटरात गारठा असतो म्हणून. तिनं हा सिनेमा लग्न होऊन पुण्यात आल्यावर पाहिला होता, मी पोटात होतो आणि गब्बर आला की मी लाथा मारायचो, असं तिचं म्हणणं. आजूबाजूला सगळे संवाद आधीच म्हणत होते. मी मात्र पहिल्यांदाच रामलालकडे बघत होतो. आपल्याला शालीआडचं रहस्य ठाऊक आहे, त्यामुळे दिसतं की ठाकूर स्वतः काहीच करत नाही. सगळं कुणीतरी दुसरा करतोय, आणि करणारा अशा बेतानं करतोय की बघणाऱ्याला शंका येऊ नये. होळीच्या दिवशी बंदूक ठाकूरच्या पायाशी पडलेली असते आणि तो ती उचलत नाही, म्हणून जय-वीरू चिडतात. आपण पन्नास वर्षं त्या बंदुकीकडे बघत आलोय.

शेवट आला. खिळ्यांचे बूट, गब्बर, आणि या वेळी पोलीस येत नाहीत. थिएटरात शिट्ट्या. मग गब्बर मेल्यावर शिट्ट्या थांबल्या, कारण संजीव कुमार रडायला लागला होता. जिंकलेला माणूस असा रडेल याची कुणी तयारी केली नव्हती.

आई माझ्याकडे झुकली आणि हळूच म्हणाली, "डोळे पुसायला हात नाहीत रे त्याला."

मी काही बोललो नाही. तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. थोड्या वेळानं विचारलं, "रामलाल कुठे गेला?"

दिवे लागले. लोक उठून मोबाइल बघायला लागले. आईनं पिशवीतून पाण्याची बाटली काढली, उजव्या हातानं झाकण फिरवून पाहिलं. एकदा, दोनदा. मनगट अजून तेवढं वळत नाही, वळेल असं फिजिओथेरपिस्ट म्हणतो. मग बाटली माझ्यापुढे केली.